सूचना खाली पोहोचते, प्रश्न वर पोहोचत नाही : कारखान्यातील संवादाविषयी

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एकशे ऐंशी कामगारांची फौंड्री (धातू वितळवून ओतकाम करणारा कारखाना) आणि तिला जोडलेले मशीन शॉप यांच्या मनुष्यबळ विभागाची जबाबदारी आपल्याकडे नुकतीच आली आहे. गेटजवळ सूचनाफलक आहे, व्हॉट्सॲपचा गट आहे, सूचनापेटी आहे, वर्षातून एकदा स्नेहमेळावाही होतो. तरीही कंपनीत काय चालले आहे हे कामगारांना गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर आधी कळते आणि बहुधा चुकीचे कळते, अशी आपली तक्रार आहे. गेल्या महिन्यात पहिली पाळी सातऐवजी साडेसहाला सुरू करण्याची सूचना चार दिवस आधी लावली होती, तरी पहिल्या दिवशी मोल्डिंगची (साचे बनवण्याच्या विभागाची) जवळजवळ निम्मी माणसे वेळेवर आली नाहीत. म्हणून प्रत्येकाच्या मोबाइलवर सूचना पोहोचवणारे एखादे ॲप घ्यावे का, असे आपण विचारले आहे.

आपण ओघात लिहून गेलेले एक वाक्य मला साऱ्या प्रश्नात महत्त्वाचे वाटले. उशिरा आलेल्यांपैकी बहुतेक जण खानापूर आणि चंदगड तालुक्यांतल्या गावांतून येणारे होते, असे आपण म्हटले आहे. सूचना वाचली न जाणे हेच कारण असते, तर न वाचणारे सगळ्या गावांत सारखे विखुरलेले दिसले असते. जवळच्या अनगोळ, वडगाव, मजगावचे लोकही उशिरा आले असते. ठरावीक बाजूचीच माणसे चुकली, याचा अर्थ त्यांनी सूचना वाचली असण्याची शक्यताच अधिक आहे. त्यांच्या गावाहून निघणारी पहिली गाडी साडेसहापर्यंत उद्यमबागेत पोहोचत नसावी. हे त्यांना पहिल्याच दिवशी कळले असणार, त्यांनी आपापसांत बोलूनही दाखवले असणार, पण ते ज्याच्या कानावर जायला हवे होते त्याच्यापर्यंत नेणारी वाट कारखान्यात नव्हती. तेव्हा आपली सूचना खाली पोहोचते. खालचा प्रश्न वर येत नाही आणि आला तर त्याचे उत्तर परत जात नाही, असे मला आपल्या अडचणीचे स्वरूप दिसते. ॲपने ही अडचण सुटत नाही, कारण ॲपही बहुतेक वेळा वरून खाली बोलण्यासाठीच वापरले जाते.

पुढे जे लिहितो आहे ते बेळगावच्या मशीन शॉपमधील टाइम ऑफिसपासून फौंड्रीतील कार्मिक अधिकाऱ्याच्या पदापर्यंत केलेल्या कामावर आणि आता लहान कारखान्यांना देत असलेल्या सल्ल्यावर आधारलेले आहे. मात्र काही गोष्टी आपल्याकडच्या परिस्थितीवर अवलंबून राहतील. मालक रोज शेडमधून फेरी मारणारे असतील, तर खालील निम्म्या गोष्टी सोप्या होतात. आपल्या एकशे ऐंशीपैकी कंत्राटदाराकडची माणसे किती आहेत यावरही बरेच ठरते, कारण अनेक फौंड्रींत मोल्डिंग आणि फेटलिंग (ओतलेले भाग घासून साफ करणे) हीच कामे कंत्राटावर असतात आणि कंपनीचा फलक, कंपनीचा गट, कंपनीची सभा यांतले काहीच त्या माणसांसाठी नसते. कामगार संघटना असेल आणि वेतनकराराची बोलणी चालू असतील, तर करारातील विषयांवर संघटनेला वगळून थेट कामगारांशी बोलणे टाळावे. हेतू चांगला असला तरी त्याचा अर्थ फूट पाडण्याचा प्रयत्न असाच घेतला जातो, आणि एकदा तसा घेतला गेला की पुढची कित्येक वर्षे कंपनीच्या साध्या सूचनेकडेही संशयाने पाहिले जाते.

आता मूळ गोष्टीकडे येतो. एखादा निर्णय झाल्यावर तो आपल्याकडे कोणत्या क्रमाने कोणाला कळतो, हे एकदा कागदावर मांडून पाहा. मी जिथे जिथे हे करायला सांगितले तिथे बहुतेक वेळा असे दिसले, की मालक आणि प्लांट मॅनेजर यांच्यानंतर तो सूचना टाइप करणाऱ्या क्लार्कला कळतो, त्यानंतर सूचना फलकावर लागते आणि पाळीचा सुपरवायझर ती कामगारांच्या खांद्यावरून डोकावून त्यांच्याबरोबरच वाचतो. त्याच क्षणी कोणीतरी मागे वळून त्याला विचारतो, की साहेब, हे कशासाठी? सुपरवायझरकडे उत्तर नसते, म्हणून तो वरून आलेले आहे एवढेच सांगतो. या एका वाक्याने दोन गोष्टी घडतात. सुपरवायझरला कंपनीत कोणी विचारत नाही हे कामगारांना दिसते, आणि कारण सांगितले गेले नाही म्हणून प्रत्येक जण आपापले कारण शोधू लागतो. टपरीवरची चर्चा इथे सुरू होते. टपरी बंद करणे कोणाच्या हातात नाही आणि त्याची गरजही नाही. माणसे तिथे बोलणारच, फक्त बोलताना त्यांच्याकडे खरी माहिती असावी, एवढे कंपनी पाहू शकते.

यासाठी मी सर्वत्र एक नियम आग्रहाने लावतो. कामगारांशी संबंधित कोणतीही सूचना फलकावर लागण्याच्या आदल्या दिवशी सर्व पाळ्यांचे सुपरवायझर आणि कंत्राटदारांचे मुकादम यांना एकत्र बसवून ती समजावून सांगायची. रात्रपाळीच्या सुपरवायझरला वगळण्याची चूक फार ठिकाणी होते. त्याला दूरध्वनीवरून का होईना, पण त्याच दिवशी सांगावे. या बैठकीत काय बदलणार आहे, का बदलणार आहे, त्याचा त्रास कोणाला होऊ शकतो आणि कोणत्या गोष्टी अजून ठरलेल्या नाहीत, इतके बोलले गेले पाहिजे. यांतला शेवटचा भाग लोक गाळतात आणि माझ्या अनुभवात तोच सर्वांत उपयोगी पडतो, कारण जे ठरलेले नाही ते ठरलेले नाही असे स्पष्ट सांगितले की अफवेला फारशी जागा उरत नाही. त्याशिवाय सुपरवायझरला एक मुभा उघडपणे द्यावी : मला हे माहीत नाही, विचारून उद्याच्या पाळीला सांगतो, असे म्हणण्याची. असे म्हटल्याने आपला दर्जा कमी होतो असे अनेक सुपरवायझरांना वाटते, विशेषतः जे मशीनवरून बढती मिळून वर आले आहेत त्यांना. दुसऱ्या दिवशी उत्तर खरोखर आणून दिले की आपला मान वाढतो, हे त्यांना दोन-तीन वेळा अनुभवायला मिळावे लागते; उपदेशाने ते पटत नाही.

मग पाळी सुरू होतानाची दहा मिनिटे. ती पाळीच्या वेळेतच धरावीत, लोकांना त्यासाठी लवकर बोलावू नये. पगार नसलेल्या वेळेत दिलेली माहिती कोणी मनापासून ऐकत नाही आणि त्यांचे काही चुकते असेही नाही. शॉट ब्लास्टिंग (छर्ऱ्यांच्या माऱ्याने भाग साफ करणारे यंत्र) चालू असताना फेटलिंगच्या माणसांशी बोलण्यात अर्थ नसतो, म्हणून यंत्रे सुरू होण्यापूर्वी शांत जागी उभे राहून बोलावे. आज कोणते कास्टिंग (ओतीव भाग), कालच्या रिजेक्शनचे कारण काय निघाले, सुरक्षिततेची एक गोष्ट आणि असेल तर कंपनीची सूचना, एवढे पुरे. शेवटची दोन-तीन मिनिटे कामगारांच्या प्रश्नांसाठी मोकळी ठेवावीत आणि सुरुवातीचे काही आठवडे कोणी काहीच विचारले नाही तरी ती कमी करू नयेत. विचारले तर काय होते हे माणसे आधी बघत असतात.

आपल्या पाळीच्या वेळेचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा तपासा. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम ९-अ मध्ये कामाचे तास, विश्रांतीच्या वेळा, पाळ्यांतील फेरफार अशा ठरावीक बाबी बदलण्यापूर्वी २१ दिवसांची सूचना देण्याची तरतूद होती आणि औद्योगिक संबंध संहिता, २०२० च्या कलम ४० मध्ये ती तशीच पुढे आली आहे. आपल्या स्थायी आदेशांत (कंपनीच्या लेखी सेवानियमांत) काय म्हटले आहे ते पाहून आपला बदल तिच्यात बसतो का, हे कायदेविषयक सल्लागाराकडून तपासून घ्यावे. कायद्याचा भाग बाजूला ठेवला तरी ही मुदत व्यवहारात फार उपयोगाची आहे. त्या तीन आठवड्यांत सुपरवायझरांकडून गावांप्रमाणे यादी करून घेतली असती, तर खानापूर रस्त्याने, जांबोटीकडून आणि शिनोळीच्या बाजूने येणाऱ्या किती जणांना पहिली गाडी मिळत नाही हे आधीच समजले असते. मग वायव्य कर्नाटक परिवहनच्या आगार व्यवस्थापकांना आणि चंदगड बाजूसाठी महाराष्ट्राच्या एस.टी.च्या आगाराला कंपनीच्या पत्रावर विनंती करता आली असती, किंवा त्या माणसांना दुसऱ्या पाळीत घेता आले असते, किंवा भट्टी साडेसहाला आणि मोल्डिंग सातला असा मार्ग निघाला असता. उद्योगांतर्गत संवादाविषयी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची १९६७ ची शिफारस क्रमांक १२९ नेमके हेच सांगते, की कामगारांच्या दृष्टीने महत्त्वाच्या विषयांवर निर्णय होण्यापूर्वी माहिती दिली जावी आणि विचारविनिमय व्हावा. निर्णय झाल्यानंतरचे बोलणे कितीही गोड असले तरी ते कळवणेच असते.

आपल्या भागात भाषेचा विचार वेगळा करावा लागतो. एकाच शेडमध्ये घरी मराठी बोलणारा, कन्नड बोलणारा, दख्खनी उर्दू बोलणारा आणि बिहार-ओडिशाकडून आलेला माणूस शेजारी शेजारी काम करतात आणि कामापुरते एकमेकांचे सारे त्यांना समजते. मात्र पगार, रजा, शिस्तभंग यांविषयीचा मजकूर प्रत्येकाला आपल्या भाषेतच वाचायचा असतो, आणि ते योग्यही आहे. कारखान्यातील वैधानिक सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, मुख्य प्रवेशद्वाराजवळ ठळक जागी लावण्याची अट कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम १०८ मध्ये होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या असल्या तरी या जुन्या अटीमागचे कारण बदललेले नाही. मी याला एक जोड देतो : कन्नड आणि मराठी मजकूर एकाच कागदावर, सारख्याच आकाराच्या अक्षरांत आणि एकाच वेळी लागला पाहिजे. एका भाषेतला कागद सकाळी लागला आणि दुसऱ्या भाषेतला भाषांतर झाल्यावर दुपारी लागला, तर ज्यांना दुपारी कळले त्यांच्या मनात मजकुरापेक्षा तो उशीरच राहतो. सीमाभागात भाषेला किती कंगोरे आहेत हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. कारखान्याने या बाबतीत आपला रिवाज इतका नियमित ठेवावा, की त्यावर कोणाला बोलण्याची वेळच येऊ नये. परराज्यातील कामगारांसाठी मुकादमाने हिंदीत वाचून दाखवावे आणि सुपरवायझरने त्या वेळी समोर उभे राहावे, कारण मुकादम सोयीचे तेवढे सांगतो, बाकीचे गाळतो, असे प्रसंग मी पाहिले आहेत.

मजकुराबद्दल एवढेच, की सूचना लिहून झाल्यावर मशीन शॉपमधल्या एका अनुभवी कामगाराला वाचायला द्या आणि त्याला काय समजले ते त्याच्या शब्दांत सांगायला लावा. तो जिथे अडखळेल तिथे वाक्य बदला. टाइम ऑफिसमधली भाषा टाइम ऑफिसलाच समजते.

ज्या विषयावर सर्वांत जास्त गैरसमज होतात आणि ज्यावर कंपन्या सर्वांत कमी बोलतात, तो म्हणजे पगारपत्रक. यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याला लगेच हाती घेता येईल असे हे काम आहे. एका कारखान्यात काही तरुण कामगारांनी मोबाइलवर भविष्य निर्वाह निधीचे पासबुक उघडले आणि कंपनी आपला हिस्सा बुडवते अशी चर्चा दोन दिवसांत सगळीकडे पसरली. पासबुकात कामगाराचा हिस्सा १२ टक्के दिसत होता आणि कंपनीचा त्याच्या तिसऱ्या भागापेक्षाही कमी. वस्तुस्थिती अशी असते, की कंपनीच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के निवृत्तिवेतन योजनेत जातात आणि ३.६७ टक्के निर्वाह निधीत. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये असलेल्या कामगाराचे १,८०० रुपये कापले जातात. कंपनीही १,८०० रुपये भरते, पण त्यांतले १,२५० रुपये निवृत्तिवेतनाच्या रकान्यात आणि ५५० रुपये निधीच्या रकान्यात दिसतात. कंपनीने एक पैसाही बुडवला नव्हता. तरी लोकांचा राग खरा होता, कारण हा हिशेब त्यांना नोकरीला लागताना किंवा त्यानंतर कोणीही सांगितला नव्हता. आम्ही एका खऱ्या पासबुकाची प्रत नाव झाकून मोठ्या कागदावर काढली, कॅन्टीनमध्ये लावली, आणि हिशेबनीसाला जेवणाच्या सुट्टीत आठवडाभर तिथे बसवले. लोक आपापले मोबाइल घेऊन आले, त्यांनी रकाने पडताळून पाहिले. त्या आठवड्यात काही जणांच्या नावातल्या आणि जन्मतारखेतल्या चुकाही सापडल्या, ज्या पैसे काढायच्या वेळी त्यांना फार महागात पडल्या असत्या.

राज्य कामगार विम्याचेही असेच होते. मासिक वेतन २१,००० रुपयांच्या वर गेले की कामगार ई.एस.आय.मधून बाहेर पडतो. पण वेतनवाढ मध्येच झाली, तर एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च हा चालू अंशदान-काळ संपेपर्यंत त्याची ०.७५ टक्का कपात सुरूच राहते. त्यामुळे मर्यादा ओलांडूनही पैसे का कापता असे एक जण विचारतो आणि पगार वाढवून आमचा दवाखाना का काढून घेतला असे दुसरा विचारतो. दुसऱ्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे. घरात आजारी आईवडील असलेल्या माणसाला दोन हजारांच्या वाढीपेक्षा दवाखाना मोलाचा वाटू शकतो. वाढीचे पत्र हातात देतानाच त्याच्याशी समोरासमोर बोलावे, विम्याची दुसरी काही सोय कंपनी करणार आहे का ते सांगावे, आणि करणार नसेल तर तेही सांगावे, म्हणजे तो आपली सोय वेळेत करू शकतो. बोनसच्या बाबतीत कायद्याने ठरलेले किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के हे आकडे सर्वांना ठाऊक असतात. गणपतीपासून दिवाळीपर्यंत अफवा पिकते ती मधल्या आकड्याची. आकडा ठरला नसेल तर तो कोणत्या तारखेला सांगितला जाईल, ती तारीख जाहीर करावी आणि पाळावी.

व्हॉट्सॲपच्या गटाबद्दल मी फार लांबवत नाही. तो असू द्यावा, पण त्यावर केवळ सूचना जाव्यात आणि त्या ठरलेल्या एक-दोन माणसांनीच टाकाव्यात. मजकुराबरोबर दोन भाषांतला आवाजी संदेश टाकला तर ज्यांना वाचनाची सवय नाही त्यांनाही उपयोग होतो. रात्री संदेश टाकू नयेत. गैरहजर माणसाचे नाव किंवा कोणाच्या हातून बिघडलेल्या कास्टिंगचे छायाचित्र त्यावर कधीही टाकू नये. चारचौघांत झालेला तो अपमान माणूस विसरत नाही आणि त्यानंतर तो गटावरचे काहीच वाचत नाही. फलकावर लागलेले नाही असे काहीही केवळ गटावरून कळवू नये, कारण साधा फोन वापरणारे कामगार अजून आहेत.

आता खालून वर जाणाऱ्या वाटेकडे वळतो. सूचनापेटीत चिठ्ठ्या येत नाहीत असे आपण म्हटले आहे. पेटी कोण उघडते, केव्हा उघडते आणि मागच्या चिठ्ठ्यांचे काय झाले हे कोणाला माहीत नसेल, तर चिठ्ठी टाकण्याचे कारणच उरत नाही. पेटीशेजारी एक वही ठेवावी. आलेला प्रत्येक प्रश्न, नाव न लिहिता, तारखेसह त्यात उतरवावा आणि समोर उत्तर व उत्तराची तारीख लिहावी. नाही हेही उत्तर आहे, फक्त त्याच्याबरोबर कारण हवे. एका ठिकाणी मोल्डिंगच्या लोकांनी मोठ्या पंख्यांची मागणी केली होती. त्या वर्षी भट्टीच्या अस्तराचा आणि पॅनेलचा खर्च निघाल्याने पंखे होणार नव्हते. तसे आकड्यांसह वहीत लिहिले, तेव्हा लोक खूश झाले नाहीत, पण त्यानंतर वहीत येणारे प्रश्न वाढले. आपण विचारलेले कोणीतरी वाचते आणि त्यावर विचार करते, एवढे त्यांना दिसले होते.

कायद्यानेही याची सोय केलेली आहे आणि तिच्याकडे निरीक्षकाला दाखवण्याचा कागद म्हणून पाहू नये. २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी, तिच्यात मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समसमान, एकूण दहापर्यंत असावेत, स्त्रियांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात स्थान मिळावे आणि समितीने अर्ज आल्यापासून तीस दिवसांत काम पूर्ण करावे, असे औद्योगिक संबंध संहितेत आहे. १०० किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणी कार्यसमितीची (मालक आणि कामगार यांच्या संयुक्त समितीची) तरतूद १९४७ पासूनची आहे. आपण एकशे ऐंशी आहात, म्हणजे दोन्हींचा विचार आपल्याला करावा लागेल. प्रतिनिधी निवडताना प्रत्येक विभाग आणि प्रत्येक पाळी त्यांत आली आहे ना, हे पाहा. कोअर शॉपमध्ये (साच्याच्या आतले गाभे बनवण्याच्या विभागात) स्त्रिया असतील तर त्यांच्यापैकी एक असलीच पाहिजे. शौचालय, येण्या-जाण्यातली सुरक्षितता, मुलांच्या शाळेची वेळ हे विषय पुरुष सुपरवायझरमार्फत वर येत नाहीत. बैठकीचे इतिवृत्त आठवड्याच्या आत दोन्ही भाषांत फलकावर लागले पाहिजे, आणि मागच्या बैठकीत काय ठरले व त्याचे काय झाले यानेच पुढची बैठक सुरू झाली पाहिजे.

या वाटेने येणारी सर्वांत मौल्यवान माहिती सुरक्षिततेची असते. इंडक्शन भट्टीत ओले भंगार किंवा तोंड बंद असलेला पोकळ तुकडा गेला, तर आत वाफेचा दाब होऊन वितळलेला धातू बाहेर उडतो. चार्जिंगवरच्या (भट्टीत भंगार टाकणाऱ्या) माणसाला ओला ढीग दिसतो, पण मागच्या वेळी त्याने भट्टी थांबवल्याबद्दल बोलणी खाल्ली असतील, तर यावेळी तो गप्प बसेल. पावसाळ्यात आपल्याकडे किती दिवस झड लागते हे आपण जाणताच. म्हणून थोडक्यात टळलेल्या अपघाताची खबर देणाऱ्याला, त्यात त्याची स्वतःची चूक असली तरी, शिक्षा होणार नाही असे मालकांनी स्वतःच्या तोंडून सांगावे. हे मनुष्यबळ अधिकाऱ्याने सांगून भागत नाही. उत्पादन थांबवल्याचा खर्च ज्याच्या खिशातून जातो त्याने ते सांगितले तरच कामगार विश्वास ठेवतो, आणि पहिल्या प्रसंगी तो शब्द पाळला गेला नाही तर दुसरा प्रसंग कोणी कळवत नाही.

रजांविषयी एक स्थानिक गोष्ट लिहितो. जून-जुलैत भाताची लावणी आणि त्याच सुमारास येणाऱ्या यात्रा यांमुळे हजेरी घसरते आणि दरवर्षी त्यावरून कुरबुर होते. या तारखा अचानक येत नाहीत. मे महिन्यातच सुपरवायझरांनी कोणाला केव्हा रजा लागेल हे विचारून तक्ता केला, तो फलकावर लावला आणि ज्या आठवड्यात मोठा डिस्पॅच आहे तोही त्याच तक्त्यावर दाखवला, तर लोक आपापसांत अदलाबदल करून घेतात. कंपनीने आपली अडचण दाखवली की माणसे आपली अडचण सांगतात. आजारपणाचे खोटे दाखले कमी होतात.

वाईट बातमीही याच रीतीने सांगावी. २०१९ मध्ये वाहन उद्योगात मंदी आली तेव्हा सुट्या भागांसाठी कास्टिंग करणाऱ्या फौंड्रींना त्याची झळ बसली होती, आणि तशी वेळ पुन्हा येऊ शकते. मागणी घटल्याचे कामगारांना आकडे येण्याआधी दिसते : मोल्डिंगच्या पेट्या कमी लागतात, ट्रक उशिरा भरतात, ओव्हरटाइम बंद होतो. अशा वेळी व्यवस्थापनाने मौन पाळले तर माणसे प्रत्यक्षाहून अधिक वाईट गृहीत धरतात आणि ज्यांना दुसरीकडे काम मिळू शकते ते कुशल कामगार आधी निघून जातात. मालकांनी सर्व पाळ्यांसमोर उभे राहून किती काम आहे, किती आठवडे पुरेल, पगाराच्या तारखेवर परिणाम होईल की नाही आणि पुढची माहिती केव्हा देणार हे सांगावे. नोकऱ्या जाणार नाहीत असे वचन, तसे ठामपणे माहीत नसेल तर, देऊ नये.

कंपनीचे छापील वार्तापत्र काढावे का, असेही आपण शेवटी विचारले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावातच सायकलींचे दुकान काढून सुरुवात केली आणि पुढे किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले, तेव्हा कारखान्याने नियतकालिक काढण्याची परंपरा आपल्या परिसराला जवळची आहे. तरीही एकशे ऐंशी माणसांच्या कारखान्यात त्याची मला आत्ताच गरज वाटत नाही. वहीतली निवडक प्रश्नोत्तरे महिन्यातून एकदा एका पानावर दोन भाषांत छापून पगारपत्रकाबरोबर दिली तर ती घरीही वाचली जातील, आणि घरच्यांना कारखाना समजणे ही लहान गोष्ट नाही.

ॲपसाठी ठेवलेले पैसे सध्या बाजूला ठेवा. येत्या आठवड्यात खानापूर आणि चंदगड बाजूच्या कामगारांना त्यांच्या सुपरवायझरांसह बोलावून साडेसहाच्या पाळीला नेमके काय आडवे येते ते विचारा, त्यांच्या उशिरासाठी कोणाला मेमो दिला असेल तर त्याचा फेरविचार करा, आणि जो मार्ग निघेल तो तारखेसह फलकावर लावा. त्यानंतर सहा महिने वही आणि पाळीपूर्वीची दहा मिनिटे चालवून पाहा. या काळात एखादी सूचना लागल्याच्या दुसऱ्या दिवशी वेगवेगळ्या विभागांतल्या, कंत्राटी धरून, पाच-सहा जणांना सहज विचारत चला, की काय बदलले, का बदलले आणि शंका असेल तर कोणाला विचारणार. तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी आपल्या सुपरवायझरचे नाव घेतले, तर काम योग्य दिशेने चालले आहे. ते टपरीचे किंवा कंत्राटदाराचे नाव घेत असतील, तर ज्या पाळीत तसे होते आहे त्या पाळीच्या सुपरवायझरबरोबर बसा आणि त्याला आदल्या दिवशी माहिती मिळते का, हे आधी तपासा.